पालथ्या ऑपरेशनची पोझिशन: वजन कुठे पडतं आणि पोट मोकळं कसं ठेवायचं

कण्याचं ऑपरेशन, पाठीतून होणारी पीसीएनएल (किडनीतले खडे काढण्याचं ऑपरेशन), लहान मेंदूतली गाठ, पायलोनिडल सायनस (माकडहाडाजवळची वाहती जखम), तुटलेलं अकिलिस टेंडन (टाचेमागचा स्नायूबंध). या सगळ्यांत भूल दिल्यावर पेशंटला पालथं करावं लागतं. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नव्याने आलेल्या टेक्निशियनला, सिस्टरला किंवा पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला अशा वेळी "पोझिशन देऊन घ्या" एवढंच ऐकायला मिळतं आणि पोझिशन म्हणजे चार उशा नीट लावणं असा समज तिथेच पक्का होतो.

जागा माणूस पालथा झोपला की हाताला मुंग्या आल्यावर हात काढून घेतो, गाल दुखला की मान वळवतो. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध मिळालेला माणूस यातलं काहीच करत नाही. चार-चार तास एकाच जागी एकच दाब राहतो. बोल्स्टर (अंगाखाली लावायचे जाड रोल), फ्रेम आणि हेडरेस्ट यांचा परिणाम त्याच्या रक्तदाबावर, श्वासावर, रक्तस्रावावर, डोळ्यांवर आणि नर्व्हवर थेट होतो. म्हणून प्रत्येक पॅड लावताना दोन गोष्टी बघायच्या: वजन कुठे पडतंय, आणि पोट मोकळं आहे का.

इथली माहिती जनरल भुलीखालच्या प्रौढ पेशंटसाठी आहे. अंतिम शब्द तुमच्या भूलतज्ज्ञांचा आणि सर्जनचा.

१. आधी हे समजून घ्या: पोट दाबलं की काय होतं

पोटाच्या मागच्या बाजूला, कण्याला लागून, पाय आणि ओटीपोटातलं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर असते. तिला आयव्हीसी म्हणतात. तिची भिंत पातळ, आतला दाब कमी. पालथ्या पेशंटचं पोट टेबलावर टेकलं की आतली सगळी इंद्रियं या शिरेवर दाबली जातात. रक्ताची वाट अडते आणि त्याचे दोन परिणाम होतात.

एक, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं. हृदयातच कमी आलं म्हणजे बाहेरही कमी जातं आणि रक्तदाब उतरतो.

दोन, अडलेलं रक्त आडवाटेने कण्यातल्या शिरांच्या जाळ्यात शिरतं. ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये या जाळ्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला बॅटसन प्लेक्सस म्हणतात. या शिरांना झडपा नसतात, त्यामुळे रक्त उलट्या दिशेनेही जातं. मणक्याच्या आतल्या शिरा टम्म फुगतात आणि लॅमिना (मणक्याची मागची कमान) उघडली की त्या झिरपायला लागतात. सर्जन "खूप ऊझ होतंय" म्हणतात, म्हणजे रक्त सतत झिरपतंय. बायपोलरने (रक्तवाहिनी जाळून बंद करणाऱ्या चिमट्याने) एक जागा बंद केली की शेजारची सुरू होते. कारण वर जखमेत शोधलं जातं, पण पुष्कळदा ते खाली पोटाखाली असतं.

तिसरा परिणाम श्वासावर. पोट दाबलं की डायफ्रॅम (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा पडदा) वर ढकलला जातो, फुप्फुसं फुगायला जोर लागतो आणि व्हेंटिलेटरवर पीक प्रेशर (हवा आत ढकलताना येणारा सर्वाधिक दाब) चढतं. छातीतला दाब वाढला की हृदयाकडे येणारं रक्त आणखी घटतं.

याउलट पोट खरोखर मोकळं लोंबत असेल तर पालथ्या स्थितीत फुप्फुसं उताण्यापेक्षा बरी चालतात. कोविडच्या काळात आयसीयूत पेशंटना पालथं झोपवत होते, ते ऑक्सिजन सुधारावा म्हणूनच. त्यामुळे पालथं केल्यावर सॅच्युरेशन घसरलं तर "पालथं आहे, असं होणारच" म्हणून सोडून देऊ नका. काहीतरी चुकलंय.

२. कुठलं उपकरण शरीरावर काय करतं

पोट मोकळं ठेवण्याची युक्ती नवी नाही. टोरंटोच्या लहान मुलांच्या रुग्णालयातले भूलतज्ज्ञ रेल्टन आणि सर्जन हॉल यांनी १९६७ मध्ये चार टेकूंची फ्रेम मांडली. दोन टेकू छातीच्या बाजूंना, दोन कमरेच्या हाडाला आणि मध्ये पोट अधांतरी. स्कोलिओसिसच्या (कणा एका बाजूला वाकण्याच्या) मोठ्या ऑपरेशनांत होणारा रक्तस्राव कमी करणं हाच त्यामागचा हेतू. आजही आपण जे काही वापरतो ते याच कल्पनेवर उभं आहे.

*बोल्स्टर.* जिल्ह्याच्या ठिकाणी आणि लहान हॉस्पिटलांत सर्वात जास्त वापर यांचाच. जेलचे रोल असतील तर उत्तम; नसतील तर रेक्झिनमध्ये घट्ट गुंडाळलेल्या चादरी. दोन पद्धती आहेत. उभे दोन बोल्स्टर, कॉलरबोनच्या खालून कमरेच्या हाडापर्यंत, शरीराच्या दोन्ही बाजूंना. किंवा आडवे दोन, एक छातीच्या वरच्या भागाखाली आणि एक कमरेच्या हाडाखाली. पहिला धोका उंचीचा. रोल बारीक असेल तर ओटीपोट टेबलाला टेकतंच, आणि चादरीचा रोल पेशंटच्या वजनाने तासाभरात बसतो. म्हणून सुरुवातीला लागतो त्यापेक्षा थोडा जाड आणि करकचून गुंडाळा. दुसरा धोका जागेचा. छातीचा आडवा रोल वर सरकला तर काखेत आणि गळ्यावर दाब येतो, खालचा रोल वर सरकला तर तोच पोट दाबतो.

*विल्सन फ्रेम.* कमानीसारखे वाकलेले दोन लांब पॅड, हँडल फिरवलं की कमान उंच होते. कंबर पुढे वाकते, दोन लॅमिनांमधली फट उघडते आणि डिस्केक्टॉमी (सरकलेली चकती काढणं) सोपी होते. किंमत मात्र दोन ठिकाणी मोजावी लागते. कमान उंच झाली की डोकं हृदयाच्या पातळीखाली जातं आणि चेहऱ्यात, डोळ्यांत रक्त साचतं. याबद्दल पुढे सविस्तर येईल. शिवाय कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो, त्यामुळे स्क्रू-रॉड टाकून फ्यूजन (मणके एकमेकांना कायमचे जोडणं) करायचं असेल तर पेशंट त्याच सपाट कमरेत कायमचा बांधला जाण्याची भीती. फ्यूजनच्या केसला विल्सन फ्रेम बाहेर काढली जात असेल तर सर्जनना एकदा विचारा. दोन पॅडमधलं अंतर कमी-जास्त करता येतं. पेशंटच्या देहयष्टीला झेपेल तेवढं रुंद ठेवलं तर पोटावरचा दाब कमी राहतो. हे नवख्यांना बहुतेक वेळा माहीतच नसतं आणि फ्रेम मागच्या पेशंटच्या मापावरच राहते.

*जॅक्सन टेबल.* स्पाइन सर्जन रॉजर जॅक्सन यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे उघडं टेबल. मध्ये पाटच नाही, नुसते दोन दांडे आणि त्यांवर छातीचा एक पॅड, कमरेचे दोन, मांड्यांचे दोन, पायांना फळी किंवा झोळी. पोट खाली हवेत लोंबतं. रक्तदाबावर याचा परिणाम सर्वात कमी, आणि फळी वापरून पाय सरळ ठेवले तर कमरेचा बाकही टिकतो. झोळी वापरली की मांड्या वाकतात आणि बाक थोडा सपाट होतो. फ्यूजनला फळी आणि डिस्केक्टॉमीला झोळी असं साधारण गणित आहे, पण सर्जनची पसंती विचारून घ्या. सी-आर्म (ऑपरेशन चालू असतानाचं एक्स-रे यंत्र) वरून-खालून मोकळा फिरतो, कारण दांडे कार्बन फायबरचे असतात.

*गुडघे-छाती पोझिशन.* गुडघ्यांवर बसवून छाती पुढे टेकवलेली. अँड्र्यूज फ्रेम याच जातीची. पोट सुंदर मोकळं राहतं, रक्तस्राव कमी होतो. पण रक्त पायांत साचतं आणि रक्तदाब उतरतो. गुडघे फार दुमडले तर पोटऱ्यांत रक्त अडतं, स्नायू सुजतात आणि लांब ऑपरेशनमध्ये कंपार्टमेंट सिंड्रोम (सुजेमुळे स्नायूंतला दाब वाढून रक्तपुरवठा अडणं) होऊन स्नायूंचं विष किडनीवर जातं. लठ्ठ पेशंट आणि चार-पाच तासांची केस असेल तर ही पोझिशन टाळलेली बरी, असं आमचं ठाम मत आहे.

३. हाताशी काय हवं

पेशंट ओटीत येण्यापूर्वी सगळं मांडून ठेवा. मध्येच "जेल पॅड कुठंय" म्हणून धावाधाव झाली की पॅडशिवायच वळवलं जातं.

सामान:
- ठरलेली फ्रेम किंवा बोल्स्टर, पेशंटच्या मापाला लावून तपासलेले
- चेहऱ्यासाठी मध्ये डोळे-नाक-तोंडाला खाच असलेला फोम किंवा जेलचं हेडरेस्ट, शक्यतो खाली आरसा असलेलं
- कोपर, गुडघे आणि घोट्यांसाठी जेल पॅड किंवा जाड गामजी (कापसाची गादी), नडग्यांखाली उशी
- हातांसाठी दोन आर्मबोर्ड, टेबलापेक्षा किंचित खाली जातील असे
- आर्मर्ड ट्यूब (भिंतीत तार असलेली श्वासनलिकेतली ट्यूब), डायनाप्लास्ट (ताणणारी चिकटपट्टी), डोळ्यांसाठी पारदर्शक चिकटपट्टी
- गॉजचा मऊ बाइट ब्लॉक, दोन
- पोटऱ्यांचे कॉम्प्रेशन स्लीव्ह
- ईसीजीचे जादा इलेक्ट्रोड
- पेशंटची ट्रॉली. ऑपरेशन संपेपर्यंत ओटीच्या दाराशीच राहील, तिच्यावर दुसरा पेशंट जाणार नाही, हे मामांना (वॉर्डबॉयना) स्पष्ट सांगा.

कागद आणि नोंदी:
- सहमतीपत्र. लांबणारं कण्याचं ऑपरेशन असेल तर दृष्टीच्या दुर्मीळ पण गंभीर धोक्याबद्दल पेशंटशी बोलणं झालंय का ते बघा.
- एक्स-रे, एमआरआय आणि ऑपरेशन कुठल्या पातळीवर आहे त्याची खूण
- पेशंटचं वजन, आणि टेबलाच्या पाटीवर लिहिलेली वजनाची मर्यादा. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. फ्रेम जोडल्यावर ही मर्यादा बदलते.
- त्वचेवर आधीपासून असलेले डाग, जखमा, मुंग्या, बधिरपणा यांची नोंद. ऑपरेशननंतर "हे आधी होतं का" असा प्रश्न उठतोच.
- काचबिंदू, खांद्याचा त्रास, मानेचा स्पॉन्डिलोसिस, स्टोमा (पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड), गरोदरपण, स्तनातले इम्प्लांट

४. पेशंट जागा असतानाची तपासणी

दोन मिनिटांचं काम, आणि बहुतेक ठिकाणी ते सुटतं.

पेशंटला दोन्ही हात वर, डोक्याच्या बाजूला, "हात वर करा" म्हटल्यावर करतात तसे धरायला सांगा. एक-दोन मिनिटं तसेच ठेवा. मुंग्या येत असतील किंवा हात बधिर होत असतील तर भुलीखालीही तेच होणार, फक्त तो सांगू शकणार नाही. अशा पेशंटचे हात अंगालगत ठेवा.

मान दोन्हीकडे वळवायला, वर-खाली करायला सांगा. जागेपणी जिथे चक्कर येते किंवा हातात कळ जाते तिथपर्यंत भुलीखाली मान नेऊ नका.

५. वळवण्याआधी

भूल पेशंटच्या ट्रॉलीवर उताण्या स्थितीतच दिली जाते. त्यानंतर क्रमाने:

१) आर्मर्ड ट्यूब डायनाप्लास्टने पक्की. पालथ्या पेशंटची लाळ खाली वाहते आणि पट्टी सुटते, म्हणून त्वचा कोरडी करूनच चिकटवा.

२) बाइट ब्लॉक दाढांमध्ये दोन्ही बाजूंना, पुढच्या दातांत नव्हे. जीभ आत आहे ना, दातांत अडकलेली नाही ना, बोटाने बघा. आर्मर्ड ट्यूब चावली गेली तर आतली तार दबलेलीच राहते, साध्या ट्यूबसारखी पुन्हा फुगत नाही. मोटर पोटेन्शिअलचं मॉनिटरिंग (करंट देऊन स्नायूंपर्यंतच्या नर्व्हचा मार्ग तपासणं) असेल तर करंट दिला की जबडा आवळतो, तेव्हा तर बाइट ब्लॉक हवाच.

३) डोळे बंद करून पट्टी. पापणीचे केस आत वळलेले नाहीत हे बघा.

४) फोली कॅथेटर (लघवीची नळी) आत्ताच.

५) आयव्ही लाइन आणि आर्टेरिअल लाइन (धमनीतली, रक्तदाब सतत दाखवणारी नळी), दोन्ही चालू आहेत याची खात्री.

६) ईसीजीचे इलेक्ट्रोड छातीवरून काढा. खांद्याच्या मागे आणि कुशीत, ऑपरेशनच्या जागेपासून दूर लावा. छातीवर राहिलेलं एखादं इलेक्ट्रोड तीन तासांनी निघतं तेव्हा त्याच्या बटणाचा गोल ठसा त्वचेवर उमटलेला असतो. काही वेळा त्या जागी फोड येतो.

६. वळवणं

पाच-सहा जण लागतात. डोक्याशी भूलतज्ज्ञ, दोन्ही बाजूंना दोन-दोन, पायांशी एक. आकडा भूलतज्ज्ञच मोजतात, बाकी कुणी नाही, कारण मान आणि ट्यूब त्यांच्या हातात असते.

ट्रॉली टेबलाला भिडवा, दोन्हींचे ब्रेक लावा आणि ब्रेक लागले हे ढकलून बघा. वळवताना खाली येणारा हात अंगालगत, तळवा मांडीला. आता व्हेंटिलेटरचं सर्किट आणि शक्य तेवढ्या लाइन क्षणभर सोडवा, कॅथेटरची पिशवी पायांकडे द्या. एक-दोन-तीन म्हटल्यावर डोकं, खांदे, कंबर, पाय ओंडक्यासारखे एकत्र वळतात. कणा अस्थिर असेल तर ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. फिरणारं जॅक्सन टेबल मुद्दाम अशाच पेशंटसाठी असतं. दोन फ्रेमच्या मध्ये पेशंटला पट्ट्यांनी बांधून १८० अंशांत फिरवलं जातं. त्यात सर्वात भयंकर चूक म्हणजे चुकीची पिन ओढणं: वरची फ्रेम काढायची असताना खालची सुटली तर पेशंट जमिनीवर. पिनला हात लावण्यापूर्वी बोट ठेवून मोठ्याने म्हणा, "ही वरची." दुसऱ्याने ते बघून हो म्हटल्यावरच ओढा.

वळवल्यावर पहिलं काम सर्किट जोडणं. मग लगेच ईटीसीओटू (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड), दोन्ही बाजूंचे श्वास, रक्तदाब. मान पुढे वाकली की ट्यूब सुमारे २ सेंमी आत सरकते आणि उजव्या ब्रॉन्कसमध्ये (उजव्या फुप्फुसाच्या नळीत) जाऊ शकते. मान मागे गेली तर तेवढीच बाहेर येते. त्यामुळे उताण्या स्थितीत श्वास ऐकले होते म्हणून आता चालेल, असं नाही.

७. डोकं आणि डोळे

इथे घाई करू नका. पालथ्या ऑपरेशननंतर दृष्टी जाणं अतिशय क्वचित घडतं, पण घडलं की बहुधा परत येत नाही. त्याचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

पहिला: डोळ्याच्या बुबुळावर थेट दाब. रेटिनाची मुख्य धमनी दबते आणि त्या एका डोळ्याची दृष्टी जाते. घोड्याच्या नालीच्या आकाराचं हेडरेस्ट यासाठी बदनाम आहे, कारण डोकं थोडंसं सरकलं तरी त्याची कड थेट डोळ्यावर येते. हा प्रकार टाळता येतो. डोळ्याला काहीही टेकता कामा नये, आणि डोकं सरकल्यावरही टेकता कामा नये.

दुसरा प्रकार जास्त फसवा. डोळ्यामागच्या ऑप्टिक नर्व्हचा रक्तपुरवठा तुटतो आणि डोळ्याला कसलाही दाब नसताना दृष्टी जाते. अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्ये अशा केसची नोंदवही सुरू केली. २००६ मध्ये त्यांनी कण्याच्या ऑपरेशनच्या ९३ केस मांडल्या, त्यांपैकी ८३ या दुसऱ्या प्रकारच्या होत्या. त्यांतल्या काहींचं डोकं मेफील्डच्या पिनांवर (कवटीला पिना टोचून डोकं धरणाऱ्या क्लॅम्पवर) होतं, म्हणजे चेहऱ्याला काहीच टेकलेलं नव्हतं. या ८३ पैकी ९६ टक्के पेशंटमध्ये १ लिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेलं होतं, किंवा भूल ६ तास किंवा त्याहून लांबली होती. २०१२ मधल्या पुढच्या अभ्यासात पुरुष, लठ्ठपणा, विल्सन फ्रेम, लांब भूल, जास्त रक्तस्राव आणि शिरेतून दिलेल्या द्रवांत कोलॉइडचं (रक्तवाहिनीत जास्त वेळ टिकणाऱ्या द्रवाचं) कमी प्रमाण हे धोके समोर आले.

विल्सन फ्रेम त्या यादीत का आली, ते वरच्या कमानीच्या वर्णनावरून लक्षात येईल. डोकं खाली, त्यात लठ्ठ पोटाचा दाब. चेहऱ्यात रक्त तुंबतं, ऑप्टिक नर्व्ह सुजते आणि तिचा रक्तपुरवठा आवळला जातो, असं मानतात.

म्हणून काय करायचं:

- डोकं हृदयाच्या पातळीला किंवा किंचित वर. गरज वाटली तर टेबल थोडं रिव्हर्स ट्रेंडेलेनबर्ग (डोक्याची बाजू वर, पायांची खाली) करा.
- मान सरळ, कुठेही वळवलेली नाही. वळवलेल्या मानेत शिरा दबतात आणि चेहरा तिथेच सुजतो.
- कपाळ आणि गालाची हाडं यांवर वजन. डोळे, नाक, हनुवटी मोकळी.
- दर १५ ते ३० मिनिटांनी डोळे बघा आणि वेळेसह लिहा. हेडरेस्टखाली आरसा असेल तर वाकून आरशात. नसेल तर बोट आत घालून पापणी आणि फोम यांत जागा आहे का ते चाचपा. सर्जनने हातोडा किंवा स्क्रू वापरला, टेबल हललं, सी-आर्म आत-बाहेर झाला, की वेळ झाली नसली तरी बघा.
- मेफील्डच्या पिना असतील तर क्लॅम्प डोक्याला लावतानाच पेशंटची भूल खोल हवी. प्रौढांत ६० ते ८० पाउंडांचा दाब लागतो, स्प्रिंगवरच्या रेघा मोजूनच आवळा.

८. गळ्यापासून पावलांपर्यंत

आता डोक्यापासून खाली हात फिरवत जा. डोळ्यांनी नव्हे, हातांनी. चादरीखाली काय आहे ते दिसत नाही.

हात पुढे घ्यायचे असतील तर एक-एक करून, खाली लोंबकळत नेऊन मग वर. मागून वर फिरवलात तर खांदा निखळू शकतो. खांद्याशी ९० अंशांच्या आत, कोपर दुमडलेलं, तळवा खाली. काख मोकळी, तिथे बोल्स्टरची कड आलेली नाही ना, दोन बोटं घालून बघा. कोपराच्या आतल्या बाजूला अल्नर नर्व्ह हाडाच्या खाचेतून जाते, तिथे पॅड हवाच. त्या हाताच्या बोटाला सॅच्युरेशनचा क्लिप लावला असेल तर लाट कमकुवत झाल्यावर कळेल.

स्तन दोन बोल्स्टरच्या मध्ये, आतल्या बाजूला आणि वर, निपल दबलेले नाहीत.

पोट. उघडा तळवा पोट आणि टेबल यांच्यामध्ये सरकवा, एका कुशीतून दुसऱ्या कुशीपर्यंत. तो अडखळता कामा नये. अडखळला तर बोल्स्टर बदला. "जाऊ दे, थोडंच टेकतंय" म्हणून ऑपरेशन सुरू करू नका. लठ्ठ पेशंटमध्ये पोटाचा खालचा लोंबता भाग मांडीच्या पॅडवर किंवा टेबलाच्या तळावर येतो, तोही बघा. स्टोमा असेल तर त्याची पिशवी कुठे आहे?

कमरेच्या हाडाचं पुढचं टोक, एएसआयएस म्हणतात ते, पॅडवर नीट बसलेलं हवं, पण त्याच्या आतल्या बाजूला नाही. तिथून मांडीच्या बाहेरच्या त्वचेला संवेदना देणारी नर्व्ह जाते. ती दबली की ऑपरेशननंतर मांडीची बाहेरची बाजू बधिर होते आणि जळजळते. पालथ्या कण्याच्या ऑपरेशननंतर ही तक्रार बऱ्यापैकी दिसते, बहुधा काही आठवड्यांत बरी होते. पॅड अजून खाली, जांघेत सरकला तर मांडीची धमनी दबते. म्हणून पायाच्या नाड्या वळवण्याआधी आणि नंतर तपासा.

पुरुषांत अंडकोश आणि लिंग मोकळं. मांड्यांच्या पॅडमध्ये चिमटले जाण्याची जागा तीच. कॅथेटर ताणलेलं नको, पायाखाली दबलेलं नको.

गुडघ्यांखाली जेल. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला फिब्युलाच्या डोक्याशी पेरोनिअल नर्व्ह उघडीच असते, तिथे पट्टा करकचून नको. नडग्यांखाली उशी अशी की पायांची बोटं हवेत लोंबतील, टेबलावर दाबली जाणार नाहीत.

कॉटरीची (विजेने कापण्या-जाळण्याच्या यंत्राची) प्लेट कोरड्या, मांसल जागी, नितंबावर किंवा मांडीवर.

बीटाडिन किंवा क्लोरहेक्सिडिन-स्पिरिट पाठीवर लावताना ते कुशीतून ओघळून पॅडखाली जमतं. बीटाडिन साचून राहिलं की त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते, स्पिरिट साचलं की कॉटरीने पेट घेऊ शकतं. कडेला टॉवेल लावा, स्पिरिट पूर्ण सुकू द्या, मग ड्रेपिंग (निर्जंतुक कापडं लावणं). पीसीएनएलमध्ये सलाइनचा पूर येतो. पॅड ओले झाले की त्वचा लवकर सोलते आणि पेशंट गार पडतो.

९. ऑपरेशन चालू असताना बिनसलं तर

*पीक प्रेशर चढलं.* आधी ट्यूब: दुमडली, चावली गेली, की आत सरकली? मग पोट. टेबल हलवल्यानंतर पेशंट दोन इंच पायांकडे घसरला तरी खालचा बोल्स्टर पोटावर येतो.

*रक्तदाब पडला.* भूल खोल, रक्त गेलं, ही नेहमीची कारणं आहेतच. त्यांच्याबरोबर पोटाखाली हात घालून बघण्याचंही काम त्याच मिनिटाला करा. ऑपरेशनची जागा हृदयापेक्षा उंच असेल आणि ईटीसीओटू अचानक कोसळला, तर उघड्या शिरेतून हवा शिरल्याचा संशय घ्या. सर्जनना लगेच सांगा, ते जखम सलाइनने भरतात.

*ऊझिंग थांबत नाही.* पोट, पोट आणि पोट.

*हृदय थांबलं.* ट्रॉली दाराशी का हवी होती, ते आता कळेल. पण वळवायला वेळ लागणार असेल तर पालथ्या स्थितीतच दाब सुरू करा. दोन्ही तळवे पाठीवर, खांद्याच्या फऱ्यांच्या खालच्या पातळीला, टी-७ ते टी-१० मणक्यांच्या आसपास; जखम मधोमध असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना. मिनिटाला १०० ते १२०. खाली छातीच्या हाडाला टेकू नसेल तर दुसऱ्याने मूठ किंवा सलाइनची पिशवी आधाराला द्यावी. शॉकचे पॅड: एक डाव्या काखेखाली, एक उजव्या खांद्याच्या फऱ्यावर. दाब पुरेसा आहे का ते ईटीसीओटू आणि आर्टेरिअल लाइनच्या लाटेवरून बघत राहा, आणि वळवण्याची तयारी त्याच वेळी चालू ठेवा.

१०. परत उताणं

वळवताना तेच पाच-सहा जण, तोच आकडा, तीच पिनची काळजी. शेवटाला सगळे थकलेले असतात आणि अर्धे लोक पुढच्या केसच्या तयारीला गेलेले असतात. माणसं पूर्ण होईपर्यंत वळवू नका.

उताणं झाल्यावर ट्यूब लगेच काढण्याची घाई नको. चेहरा, ओठ, जीभ सुजली आहे का बघा. लांबलेल्या केसमध्ये भूलतज्ज्ञ कफ (ट्यूबभोवतीचा फुगा) सोडून हवा गळते का ते तपासतात. गळत नसेल तर ट्यूब राहू दिली जाते आणि डोकं उंच ठेवून सूज उतरायची वाट बघतात.

मग कपाळ, गाल, हनुवटी, छाती, कमरेची टोकं, गुडघे, बोटं यांवरचे लाल डाग बघा. बोटाने दाबल्यावर पांढरा होणारा लालपणा बहुधा काही वेळात जातो; न जाणारा लिहा आणि वॉर्डला सांगा.

पेशंट जागा झाला की रिकव्हरीतच चार गोष्टी: दोन्ही हातांची बोटं पसरता येतात का, पावलं वर ओढता येतात का, मांडीला स्पर्श कळतो का, आणि प्रत्येक डोळा वेगवेगळा झाकून समोरची बोटं मोजता येतात का. डोळ्यांचं शेवटचं कधीच उद्यावर ढकलू नका. अंधुक दिसतं म्हणाला तर "औषधाचा अंमल असेल" असं न म्हणता त्याच तासाला भूलतज्ज्ञांना आणि नेत्रतज्ज्ञांना बोलवा.